पाण्याची ओटी

॥ श्री ॥
ॲमस्टरडॅम, ६ ऑक्टोबर २०२४

ती. सुंदराआत्यास,
तेजलचा शि. सा. नमस्कार आणि पोटातल्याची एक लाथ. वि. वि.

तुझा हुकूम मिळाला. फोनवर काही ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर काचेच्या पेटीतल्या माशासारखं नुसतं तोंड हलताना दिसतं, तेव्हा गुमान कागदावर लिही आणि त्याचा फोटो सुजितला पाठव, असं तू ठणकावलंस. बिचारा सुजितदादा, आईच्या कानापायी पोस्टमन झाला.

आत्या, पहिलं बाळंतपण कात्रपला तुझ्याकडे करायचं, हे माझं लग्न ठरलं तेव्हाच ठरलं होतं. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, त्यामुळे माझं माहेर म्हणजे तुझा चौथ्या मजल्यावरचा ब्लॉक. पण मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात जे झालं, त्यानंतर इथली सुईणबाई विमानाचं नावही काढू देत नाही. (हो, इथे अजून सुईणी असतात, सायकलवरून येतात.) लेक माहेरी येत नसेल तर माहेर लेकीकडे जाईल, हे तुझं वाक्य मी फ्रिजवर चिकटवलंय. जानेवारीत लवकर ये गं. मला भीती वाटते. तुझा जावई प्रज्वल घाबरला की भांडी घासतो, आणि हल्ली आमच्याकडची भांडी फार चकचकीत आहेत.

चालायचं तर रोज नवी आळी बघ, म्हणालीस. काल योर्दान आळीत गेले. तिथल्या रस्त्यांना फुलांची नावं आहेत, आणि धुकं इतकं होतं की पुलाला दुसरं टोक नव्हतंच. घरं उंच, अरुंद, एकमेकांना खांदा देऊन उभी. काही तर पुढे वाकून कालव्यात तोंड बघतायत. प्रत्येक घराच्या कपाळावर लोखंडी आकडा असतो. जिने एवढे चिंचोळे, की पलंग-कपाटं दोरानं वर ओढून खिडकीतून आत घेतात. खिडक्यांना पडदे नाहीत. आत दिवा, पुस्तकं, सूप पिणारे एक आजोबा, आणि खाली पाण्यात तेच सगळं उलटं. मी पाण्यातल्या घरांकडे बघत चालत राहिले. थोड्या वेळानं वरची खरी की खालची, तेच कळेना.

पण तू सांगितलेलं काम झालं नाही. सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं पाण्याची ओटी भरायची तर हात पाण्याला लागला पाहिजे, हो ना? इथे घाटच नाही. सगळीकडे विटांची सरळ भिंत आणि पाणी हातभर, कुठे पुरुषभर खाली. एवढं पाण्याचं शहर, पण पाण्याशी बसायला पायरी नाही. शोधते आहे.

माया आहे तेवढी राहू दे, तिच्यात पाणी घालू नकोस.
तुझी तेजल


॥ श्री ॥
कात्रप, बदलापूर, २१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. तेजलला सुंदराआत्याचे पोटभर आशीर्वाद, पोटातल्यालाही. वि. वि.

बाय माझी, तुझं पत्र सुजितनं मोठं करून दाखवलं. जेवून आडवी झाले आणि तुझ्या त्या योर्दान आळीत शिरले. झोप नव्हती आणि जागही नव्हती. आपला भाजीवाला सुदाम होडीत बसून मेथीच्या जुड्या सोडवत होता. आपली बिल्डिंग गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मी चौथ्या मजल्यावरून आकड्याला दोरी बांधून पिशवी खाली सोडत होते. कुणी हाक मारली तर ऐकूही येत होतं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग करपल्याचा वास आला. डाळ गेली. ते खापर तुझ्या डोक्यावर.

पडदे नाहीत म्हणजे काय? मग दुपारी लोक झोपतात कसे? मी आले की आधी तुझ्या खिडक्यांना पडदे शिवणार आहे, त्या शहराला काय वाटायचं ते वाटो.

व्हिसा आला. सुजितनं पासपोर्ट कपाटात ठेवलाय आणि मी रोज एकदा काढून बघते. फोटोत मी पाकीटमार दिसते.

आता कामाचं. एक, पाणी वाहतं हवं. डबक्याची ओटी भरत नाहीत. तुझे आतोबा जन्मभर जांभूळच्या पाणीप्रकल्पात कामाला होते. ते म्हणायचे, थांबलेलं पाणी आणि थांबलेला माणूस दोन्ही वास मारतात. तेव्हा चौकशी कर. दुसरं, पाण्याची ओटी तू भरायचीस, आणि मग बाळंतिणीची ओटी सवाष्णीनं भरायची. तिथे एखादी मराठी सवाष्ण बघून ठेव. मी सामान आणीन, शेजारी बसून सगळं सांगेन, पण हात तिचा. तुझ्या लग्नात नाही का, शेजारच्या माईंनी भरली आणि मी दारात उभी राहिले? तसंच. आतोबा गेल्यापासून मी कुणाची ओटी भरलेली नाही. रीत ती रीत, यावर वाद नको.

खण घ्यायला उल्हासनगरला गेले होते, भूपेशशेठकडे. फॉरेनला न्यायचा म्हटल्यावर तो हिंदीत म्हणाला, अम्मा, मग भाव नाही करायचा. मी म्हटलं, शेठ, फॉरेनला लेक गेलीय, पेन्शन इथेच आहे. दुकान हसलं. हिरवा खण घेतला, तुला शोभेल.

कान जरा वाहतो आहे. होईल बरा.

पाय वर करून बसत जा, आणि आमची आठवण उशाला घे.
तुझी आत्या


॥ श्री ॥
ॲमस्टरडॅम, १७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी पाण्याचं सांगते. वाहतं आहे! या शहराला जलद्वारं आहेत. आठवड्यातून काही वेळा ती उघडझाप करून जुनं पाणी बाहेर सोडतात आणि ताजं आत फिरवतात. आतोबा असते तर मला सोडून ते दरवाजेच बघत बसले असते.

आता माझ्या आळ्या. जावा रस्ता म्हणून एक आहे, तिथे सुरिनामी लोकांची दुकानं आहेत. त्यांच्या पणज्यांना कधीकाळी बिहारकडून बोटीतून ऊसमळ्यांवर नेलं होतं. एका दुकानात मारुतीच्या तसबिरीखाली हळकुंडं, सुपाऱ्या आणि नारळांची टोपली! दुकानदारीणबाई जी हिंदी बोलते ती मला अर्धी कळते आणि माझी तिला अर्धी. मिळून एक पुरी भाषा होते. तिनं नारळ कानाशी हलवून बघायला दिला, अगदी आपल्यासारखा.

मग एक दिवस स्टेशनच्या मागून फेरीबोटीनं पाण्यापलीकडे नोर्ड भागात गेले. बोटीला तिकीट नाही. मी नुसतीच दोनदा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेले, वाऱ्यात उभी राहून. पोटातलं माणूस अगदी शांत होतं, जणू तेही बघत होतं.

आणि परवा प्रिन्सेन नावाच्या बेटावर पोचले. शहराच्या मधोमध आहे, पण तिथे शहर ऐकूच येत नाही. जुन्या वखारी, त्यांना मोठमोठ्या लाकडी झडपा, आणि उचलायचे पूल. पाण्यात एक काळा पक्षी असतो, कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा. त्यानं कचऱ्यातल्या काड्या, स्ट्रॉ, कुणाचा तरी मास्क असं जमवून घरटं बांधलं होतं आणि त्यावर गादीवर बसावं तसा बसला होता. मला वाटलं, याला जमतं तर मलाही जमेल.

तिथेच एक राहती होडी आहे. कुंड्या, वाळत घातलेले टॉवेल, आणि मागच्या बाजूला पाण्याला टेकलेली फळी. आत्या, फळी पाण्याला टेकलेली! एक म्हातारी बाई तिच्यावर बसून बादली विसळत होती. मी पुलावरून बघत राहिले. विचारायचा धीर झाला नाही. काय विचारणार, तुमच्या दारात ओटी भरू का?

सवाष्णीचं म्हणशील तर इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू यायला तयार आहेत. पण मला त्यांची नकोय, तुझी हवीय. वाद नको म्हणालीस, म्हणून वाद घालत नाही. नुसतं लिहून ठेवते.

कानाला दाखव. लोभ तुझ्याकडे पडून आहे, तो घेऊनच ये.
तेजल


॥ श्री ॥
कात्रप, १२ डिसेंबर २०२४

चि. सौ. तेजलला अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. मी येऊ शकत नाही.

कानाच्या आत हाड कुजलंय, तातडीनं ऑपरेशन हवं असं डॉक्टर म्हणाले. पुढचे दोन-तीन महिने विमान नाही. मी पुष्कळ भांडले. ऑपरेशन नंतर करा म्हटलं, बहिरी तर आहेच, आणखी काय व्हायचंय? त्यांनी सुजितला बाहेर नेऊन सांगितलं, की हे डोक्याकडे सरकलं तर आई राहणार नाही. सुजितचं तोंड बघून मी हो म्हटलं.

घरी येऊन पासपोर्ट बघितला आणि रडले. तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. माझा पदर धरून झोपायचीस आणि मी उठले की जागी व्हायचीस. त्या पदराची आता तुला गरज आहे आणि मी हॉस्पिटलात. देवाला काय म्हणावं? काल अंबरनाथच्या देवळात गेले. पायऱ्या उतरून खाली पिंडीपाशी बसले आणि त्यालाच विचारलं. तो काही बोलला असेल तरी मला कुठे ऐकू येतंय.

बी विंगमधली प्रगती कंपनीच्या कामानं तिकडे येतेय. तिच्याबरोबर डिंकाचे लाडू, बाळंतशेप, हिरवा खण आणि माझी जुनी मऊ साडी पाठवतेय. साडीची दुपटी कर. माझा वास आहे त्यात.

रागावू नकोस. रागावलीस तरी लाडू खा.
आत्या


ॲमस्टरडॅम, १५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,

रागावले नाही. ऑपरेशन करून घे. तुला काही झालं तर मी कुणाकडे रडू?

पण आत्या, मला हे शहर आता आवडत नाही. सकाळी उशिरा उजाडतं, चहा होईस्तोवर मावळतं. कुठल्याही आळीत गेलं तरी मी बाहेरून खिडकीत बघणारी. आज प्रिन्सेन बेटावरच्या बाकावर बसून रडले. होडीतली बाई बाहेर आली, बघितलं, आत गेली. मला वाटलं, गेली. तर ती कॉफीचा मग घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिली. नाव हेनी. तिच्या दाराशी पुरुषाचे मोठे बूट ठेवलेले आहेत. नवऱ्याचे, म्हणाली. तो वारला, पण बूट दारात असले की घर भरलेलं वाटतं.

मी तो कॉफीचा मग धुऊन परत द्यायला गेले तर हसली.

लवकर बरी हो.
तेजल


॥ श्री ॥
ॲमस्टरडॅम, २ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
आता दोघींचा नमस्कार.

सुजितदादानं सांगितलंच असेल. चोवीस तारखेला मुलगी झाली. सगळं सुखरूप. मी खूप ओरडले, आणि आई म्हणून नाही, आत्या म्हणून ओरडले. सुईणबाई नंतर विचारत होती की हा तुमचा कुठला मंत्र.

इथे बाळंतिणीच्या घरी आठवडाभर रोज एक बाई येते, सरकारी रीतच आहे. बाळाला न्हाऊ घालते, मला दूध पाजायला शिकवते, प्रज्वलला हाकलते. आणि एक चमत्कार ऐक. पहिल्याच सकाळी तिनं गोल कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून, वर गुलाबी-पांढऱ्या साखरेचे दाणे पसरून दिले. मी चावले तर आत बडीशेपेसारखी चव! म्हणाली, मूल झालं की आमच्याकडे हेच देतात, दूध चांगलं येतं. आत्या, मी तिला तुझ्या बाळंतशेपेची पुरचुंडी दाखवली. तिनं हुंगली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

मुलगी तुझ्या साडीत झोपते. नाव तू आल्यावर ठेवायचं.

सव्वा महिन्याच्या ओटीसाठी हेनीला विचारलं. आधी तिला कळेना. मग म्हणाली, एवढी वर्षं या पाण्यावर राहतेय, त्याला नमस्कार करायला आजवर कुणी आलं नव्हतं, अवश्य ये. ३ मार्चला मंडळातल्या काकू येतील.

कानाची पट्टी काढली का? तुझ्या मायेची ऊब इकडे पाठव, इथे गारठा आहे.
तेजल


॥ श्री ॥
ॲमस्टरडॅम, ७ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

मन फार अस्वस्थ आहे, म्हणून लिहिते.

सोमवारी ओटी भरायला गेलो. काकूंना ताप आला, त्या आल्याच नाहीत. मी फळीवर बसले, बाळ हेनीकडे. धुकं होतं, पाणी अगदी निश्चल दिसत होतं आणि सगळं शहर त्यात झोपल्यासारखं. हळदकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, फूल सोडलं, खण नुसता टेकवून घेतला. हात पाण्याला लागला तेव्हा शहारा आला, पण खूप दिवसांनी आत काहीतरी निवलं. मग नारळ सोडला. तो डुलत डुलत पुलाखालून गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. हेनीनंही हात जोडले, मी जोडले तसे.

माझी ओटी रिकामीच राहिली. काकू नाहीत, तू नाहीस, कोण भरणार? घरी आले तेव्हा रडू येत होतं. तरी म्हटलं, पाण्याची तरी भरली.

आणि काल हेनी आमच्याकडे आली, तो उभा जिना चढून, धापा टाकत. मी खुर्चीत बाळाला पाजत होते, उठता येईना. तिनं पिशवीतून माझा नारळ काढला! पाण्यानं फिरून परत आला होता, म्हणे, तिच्या होडीच्या आणि भिंतीच्या मध्ये दोरात अडकून बसला होता. तिला वाटलं माझा हरवला. स्वच्छ धुऊन, पुसून आणला आणि माझ्या मांडीवर ओढणीत ठेवला. शेजारी त्या बडीशेपवाल्या टोस्टचा पुडा, ट्युलिपची फुलं आणि तिनं स्वतः विणलेलं लोकरीचं टोपडं. मग बाळाच्या कपाळावर बोट टेकवून गेली.

आत्या, पाण्यानं माझा नारळ परत पाठवला. नाकारला का मला? हे शहर मला आपली म्हणणारच नाही का? बाळाला काही होणार नाही ना? प्रज्वल म्हणतो, प्रवाहाची दिशा बदलली असेल. पण तू काय ते सांग. मी नारळाला हात लावलेला नाही, तसाच ओढणीत बांधून ठेवलाय.

तुझी तेजल


॥ श्री ॥
कात्रप, ९ मार्च २०२५

चि. सौ. तेजलला आणि नातीला उदंड आशीर्वाद.

अगं खुळे! एवढी शिकलीस आणि साधी गोष्ट कळेना? तुझंच पत्र पुन्हा वाच. मांडीवर ओढणी. तीत नारळ. टोस्ट म्हणजे गहू, धान्य झालं. फुलं झाली. टोपडं म्हणजे कापड, तोच खण. वरून लेकराच्या कपाळाला बोट. याला काय म्हणतात गं आपल्याकडे? देवीची ओटी भरली की पुजारी त्यातला नारळ परत पदरात घालतो, तेव्हा देवीनं नाकारलं म्हणतो का आपण? लेकीला माहेराहून कधी रिकामी पाठवतात का? पाण्यानं घेतलं आणि पाण्यानंच दिलं. बाय माझी, तुझी ओटी भरली. त्या शहरात आता तुला माहेर आहे.

त्याच सोमवारी मीही जांभूळला नदीवर तुझ्या नावानं नारळ सोडला. आपल्याकडे तो पाण्यात पडायचा अवकाश, कुणीतरी उडी मारून काढला आणि काठावर फोडून खाल्ला. परत बिरत कुणी दिला नाही.

आता माझं सांगते. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला रागच आला. माझ्या पोरीची ओटी परकी बाई भरून गेली म्हणून. मग ते बूट आठवले, नवरा गेलेल्या बाईच्या दारातले. तिला कुठे ठाऊक होतं कुणी भरायची आणि कुणी नाही? पोरीचा नारळ आला, चला नेऊन देऊ, म्हणून जिना चढली. जड झालेल्या गुडघ्यांनी. आणि इथे मी, जिनं तुला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, ती प्रत्येक वेळी दारात उभी. मला कुणी नको म्हटलं नव्हतं गं. माई तर दर खेपेला माझ्या हातात तबक द्यायला बघायच्या. दुपारभर पत्र पुढ्यात घेऊन बसले आणि पोटभर रडले.

पट्टी निघाली. डाव्या कानानं कुकरची शिट्टी ऐकू येते आणि सुजितचं घोरणंही, ते नसतं आलं तरी चाललं असतं. काल त्यानं मोबाईल कानाला लावला आणि तुझी लेक रडली. अगदी तुझ्यासारखा घोगरा आवाज. मी म्हटलं, बंद करू नको रे, रडू दे तिला.

आता नीट ऐक. तो नारळ फोड. खोबऱ्याच्या वड्या कर आणि पहिली वडी हेनीबाईंना नेऊन दे. डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलंय. मी मेमध्ये येते. काल उल्हासनगरला जाऊन भूपेशशेठकडून दोन खण आणले, एक तुला आणि एक हेनीबाईंना. त्यांची ओटी मी भरणार. आणि तुझीही, मीच. माईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या हातावर नुसता हात ठेवला.

मी आले की पाण्याला टेकलेल्या त्या फळीवर, पदर पसरून बस.

तुझी,
आत्या